मामाचा पहिला आहेर

खुर्च्यांची शेवटची रांग सरळ करता करता दयारामने गुणाकार उरकून घेतला. चारशे खुर्च्या, खुर्चीमागे सरासरी पाचशे. पोरंबाळं आणि फुकटे वजा जाता दीड लाख कुठे गेले नाहीत. त्यावर मामाचा आहेर. मुलीचा मामा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ शिवदास, रेवसचा, दारात कंटेनर ओढणारा ट्रेलर उभा असलेला. तो काही लाखाच्या खाली यायचा नाही. आला तर त्याचंच तोंड काळं. झाले अडीच. मांडव, डीजे आणि मटणाचं जेवण मिळून खर्च दोन लाख ऐंशी हजार. म्हणजे मृणालीची हळद दयारामला तीस हजारांत पडत होती, आणि नागावभर बोलबाला मात्र तीन लाखांच्या हळदीचा होणार होता. असा सौदा किनाऱ्यावर पर्यटकांशी घासाघीस करूनही कधी जमला नव्हता.

"दयाराम, मामा आयला का?" रामचंद्रने माईकवर फुंकर मारून विचारलं. गावातल्या प्रत्येक हळदीत आहेर पुकारायचा मान या रामचंद्रचा. आवाज असा, की कुजबुजला तरी नारळीच्या वाडीपलीकडे ऐकू जावं.

"येल ना. बायकोचा भाव हाय, पाऊस नाय, का येतो येतो करून चुकवील."

"मामाचा पुकारल्याबिगर दुसरा पुकारीत नाय मी. आधीच सांगतो."

हे दयारामला सांगायला नको होतं. मुलीच्या हळदीत पहिला आहेर मामाचा. नाव आणि आकडा माईकवर जाणार, सगळी भावकी ऐकणार. ऐकून विसरणार मात्र नाही. कारण घेतलेला आहेर त्या घरच्या पुढच्या कार्यात परत जायचा असतो, आणि तोही तेवढाच नाही, वर काहीतरी चढवून. दयारामच्या बापाने एकावन्न रुपयांचा आहेर फेडायला दुभती म्हैस विकली होती. दिवस वाईट होते, कोणी मागायलाही आलं नव्हतं. पण आहेर बुडवणाऱ्याच्या दारात मग कोणी अक्षता टाकायला येत नाही, आणि त्याच्या मयतालासुद्धा लोक घड्याळ बघत उभे राहतात.

बँका आणि कंपन्या मात्र मयताला येत नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी दयारामचा व्यवहार वेगळा होता.

मांडवाच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली दोन जेटस्की झाकून ठेवलेल्या होत्या. डेकोरेशनवाल्याने शोभेसाठी त्यांच्यावरही झेंडूची माळ सोडली होती. या दोन्ही एका फायनान्स कंपनीच्या पाच लाखांवर आल्या होत्या आणि कागदावर जामीन म्हणून सही होती शिवदासची. वर्षभरात लॉकडाऊन लागला, किनारा ओस पडला, हप्ते थांबले. इथवर दयारामला कोणी बोल लावला नसता. पण पुढे किनारा उघडला, शनिवार-रविवारी मांडव्याच्या बोटीतून माणसांचे लोंढे उतरू लागले, जेटस्कीवर बसायला रांगा लागल्या, आणि दयारामचा खिसा काही उघडला नाही. वसुलीवाले आले की तो समुद्रात असायचा. शेवटी कंपनीच कंटाळली. चार लाख बाकी होती. दोन द्या आणि सुटा, म्हणाली. दयारामने दोन भरले आणि गावात पेढे वाटले.

"बसल्या जागी दोन लाख कमावले," हे त्याने तेव्हा ज्याला त्याला सांगितलं होतं. जामीनदारालाही.

संध्याकाळ होता होता फाटकाशी ट्रेलरचा नाही, भाड्याच्या रिक्षेचा आवाज आला. शिवदास उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, खिशात जाड पाकीट. दयारामची नजर आधी पाकिटावर गेली, मग तोंडावर.

"ये दादा. मना वाटला, रुसलास."

"भाचीची हलद हाय," शिवदास म्हणाला. "तुजी असती तर इचार केला असता."

दयाराम मोठ्याने हसला. शेजारी बसलेले दोघे-तिघे वळून बघू लागले म्हणून आणखी मोठ्याने.

"अन् रिक्षानं? दुसरा ट्रेलर घेनार होतास ना, पोराच्या, अनीशच्या नावाचा?"

"तिसऱ्या बँकेनं फाईल परत दिली. सिबिल खराब. साहेब बोलला, तुमचा सगला ठीक हाय, एक हप्ता चुकला नाय. पन तुमी ज्याचे जामीन, त्यानं अर्ध्यावर सोडवून घेतलाय. तो शिक्का तुमच्या नावावर पन हाय."

"तुज्या बहिनीशी लगीन माजा, अन् शिक्का तुज्यावर!" दयारामने शेजारच्यांकडे बघून डोळा घातला.

शिवदास हसला नाही. बोलतानाही त्याने आवाज चढवला नाही. त्यामुळे दयारामला जवळ सरकावं लागलं.

"राहिलेले दोन लाख भरले तर कंपनी पुरा फेडला म्हनून लिवून देते. मग शिक्का जातो. तुजा पन, माजा पन. तीनदा आलो तुज्या दारात, जावयबापू. तिन्ही वेला तू समुद्रात."

"कंपनीनं सोडले, तू कशाला धरून बसलास? सोडलेला पैसा कुनी भरतो काय? जाळ्यातून सुटलेला बोंबील परत जाळ्यात जातो का?"

"नाय जात. पन जाळा माजा फाटलाय."

"मग शिव." दयारामने नॅपकिनने मान पुसली. "आज भांडायला आयलास का आहेर द्यायला, ते आधी सांग. लोक बघतान."

"आहेर द्यायला," शिवदास म्हणाला.

पद्मा हळदीचं तबक घेऊन दोघांच्या मधून गेली. भावाला तिने ये म्हटलं नाही, नवऱ्याला काय चाललंय विचारलं नाही. हातात हिरवा चुडा भरलेला, पदर खोचलेला. दोन भांडणाऱ्या बोक्यांमधून दुधाचं पातेलं न्यावं तशी ती गेली.

मृणालीला पाटावर बसवलं. धवलारीण कोकिळा, जिच्या धवल्याच्या गाण्यांशिवाय या पट्ट्यात एक हळद लागत नाही, तिने सूर धरला. बायकांनी मागे ओढला. गाताना ती एकेका नातेवाइकाला चिमटे काढत होती. नवरीच्या बापाच्या वाट्याला आलेला चिमटा असा, की बाप समुद्रावर घोडे पळवतो आणि घोड्यांचा चारा पाहुण्यांकडून मागतो. बायका फिदीफिदी हसल्या. दयारामही हसला. आज तो सगळ्यालाच हसणार होता. हसण्याला पैसे पडत नाहीत.

डीजे थांबला. रामचंद्रने घसा साफ केला. शिवदास उठला, खिशातलं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि कानाला लागून काही सांगितलं. रामचंद्रने एकदा त्याच्याकडे पाहिलं, परत विचारलं. शिवदासने मान हलवली.

"ऐका हो मंडली! मुलीचे मामा, रेवसचे शिवदास, यांचेकडून मुलीच्या वडिलांना आहेर... रुपये दोन लाख!"

चारशे खुर्च्या एकदम पुढे वाकल्या. मग टाळ्या. डीजेवाल्याने न सांगता ठोका मारला. दयारामच्या डोक्यातली बेरीज टुणकन उडी मारून उठली: दीड आणि दोन, साडेतीन, खर्च जाऊन सत्तर हजार नफ्यात! मघाशी बोंबलाचं बोललो ते जरा जास्तच झालं, असंही त्याला वाटून गेलं. त्याने दोन्ही हात जोडून मांडवाला नमस्कार केला, शिवदासलाही केला.

"दयाराम रं!" बायकांतून कोकिळा ओरडली. "वैशाखात अनीशची हलद हाय हां! दोन लाख, अन् वर नारळ चढवाय लागेल!"

"नारळ कशाला, सोन्याचा नारळ चढवतो!" दयाराम माईकजवळ होता, तेही सगळ्या वाडीने ऐकलं.

हशा पिकला. रामचंद्रने पाकीट त्याच्या हातात दिलं आणि पुढचं नाव घेतलं.

दयाराम सामानाच्या खोलीत गेला. तांदळाच्या पोत्यावर बसून त्याने पाकीट उघडलं. नोटा नव्हत्या. पाकीट जाड झालं होतं ते घडी घातलेल्या कागदांनी. वर पैसे भरल्याची पावती, दोन लाख, गेल्या आठवड्यातली. तिच्याखाली कंपनीचं पत्र: कर्जदार दयाराम, जामीनदार शिवदास, कर्ज पूर्ण फेडले, आता काहीही येणे नाही.

त्याने पाकीट उलटं करून झटकलं. पावती त्याने तीन वेळा वाचली. आकडा तिन्ही वेळा तोच निघाला.

बाहेर आला तेव्हा शिवदास पाण्याच्या पिंपाशी उभा होता, जणू त्याचीच वाट बघत.

"ह्ये काय?"

"आहेर."

"पैसे कुठं हायेत?"

"भरले. तुज्याच कर्जात, तुज्याच नावावर. वाचला नाय काय?"

"मी मागितले होते तुज्याकडं?" दयारामचा आवाज फाटला, त्याने इकडेतिकडे बघून तो दाबला. "मना उद्या मांडववाल्याला द्यायचेत. मटनवाला बसलाय. त्यांना काय ह्यो कागूद देऊ?"

"ते तुजा तू बघ. आहेर कसा वापरायचा, त्ये देनारा सांगत नसतो."

"ह्यो आहेर नाय. ह्यो दावा हाय."

"बरा." शिवदास तांब्यातलं पाणी वरून प्यायला, मग त्याने मिशी पुसली. "मग जा अन् माईकवर सांग. रामचंद्र हायेच. सांग मंडलींना, मामानं पैसे नाय दिले, माजा बुडवलेला कर्ज फेडला. कर्ज किती होता, कुनी सही केली होती, पेढे कशाचे वाटले होते, सगला सांग. मी पन ऐकतो."

दयारामने माईककडे पाहिलं. तिथे रामचंद्र कुणाच्या तरी पाचशे एक रुपयांना हत्तीचं बळ देत होता. समोर चारशे माणसं, त्यांतली निम्मी वैशाखात अनीशच्या हळदीला रेवसला जाणार. तिथे रामचंद्र नसेल, दुसरा कोणी असेल. पण माईक असेल, आणि मुलाच्या आत्याच्या नवऱ्याचं नाव घेतल्यावर सगळे आकडा ऐकायला थांबतील. कंपनीचे लोक थकून गेले होते. हे लोक थकणारे नव्हते. हे तर जेवायला येणार होते.

"सोन्याचा नारळ तू बोललास," शिवदास म्हणाला. "मी नाय सांगितला. मना साधा चालेल."

आणि तो पंगतीत जाऊन बसला. त्याने दोनदा रस्सा मागून घेतला.

दयाराम ताडपत्रीपाशी येऊन उभा राहिला. झेंडूची माळ त्याने उगाच ओढली, ती तुटली. शिवदासकडे दोन लाख रोख असते तर तो बँकांच्या पायऱ्या कशाला झिजवत बसला असता? ट्रेलरचं डिझेलच त्याला महिनाअखेर पुरवून वापरावं लागायचं. मग आले कुठून?

पद्मा तबक घेऊन त्याच्याकडेच येत होती. बापाला हळद लावायची राहिली होती.

"दादाकडं दोन लाख आयले कुठून?" त्याने विचारलं.

हळदीत बुडवलेला हात तिने त्याच्या गालाला लावला, जरा जोरातच. हात वर गेला तसा हिरवा चुडा खळखळत मनगटावरून घसरला आणि पार कोपराला जाऊन टेकला. एरवी तो इतका मोकळा नसायचा. पुढून-मागून सोन्याच्या पाटल्या त्याला धरून ठेवायच्या. लग्नात माहेरून आलेल्या, पंचवीस वर्षांत एकदाही न उतरलेल्या. आज सगळ्या बायकांचे हात हिरवे होते, त्यामुळे कुणाला काही दिसलं नव्हतं. त्यालाही नाही.

"सोनाराकडं हायेत," पद्मा म्हणाली. "दादानं तुमचा आहेर घेतला का सोडवून आनील. दुसऱ्या दिवशी अनीशच्या लग्नाला रिकाम्या हातानं नाय उभी रानार मी."

दुसरा गालही तिने पिवळा केला आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मागे रामचंद्र आकडे पुकारत होता. दयारामने सवयीने बेरीज धरायचा प्रयत्न केला, ती लागेना. त्यापेक्षा दुसरा हिशेब सरळ होता. दोन लाख भरले पद्माने, नाव झालं शिवदासचं, आणि फेडायचे दयारामने, वैशाखात, माईकसमोर. बापाची म्हैस गेली होती. दयारामने ताडपत्रीचं टोक उचलून दोन्ही जेटस्की नीट पाहिल्या, गिऱ्हाईक बघतं तशा. वर चढवायचा नारळ तेवढा घरच्या झाडाचा होता.