वापरकर्ता क्रमांक चार

“काका, गप्प बसायचं नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं,” सुकेशनीनं तिसऱ्यांदा सांगितलं.

त्रिंबकनं मान हलवली आणि तो गप्पच बसला. वाळूजच्या त्या कारखान्यात त्यानं पत्रा दाबायच्या प्रेसवर सव्वीस वर्षं काढली होती. हाताची घडी, तोंडावर बोट हा तिथला अलिखित नियम. तो पाळला म्हणून तर सव्वीस वर्षं निघाली.

कारखान्यानं शहरातल्या एका खासगी विद्यापीठाशी करार केला होता. प्रेसला एआयवर चालणारा पडदा बसणार होता. कामगार काय करतोय हे ओळखून पुढं काय करायचं ते पडदाच सांगणार. तो कसा दिसावा, हे विद्यापीठातली मुलं ठरवत होती. त्यासाठी पाच कामगारांना एकेक करून पडद्यासमोर बसवायचं, बाजूला कॅमेरा लावायचा आणि वापरताना डोक्यात जे येईल ते बोलायला लावायचं. त्रिंबक चौथा. सुकेशनी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, पोरगी बोलायला गोड.

“मनात चहा आला,” त्रिंबक म्हणाला.

“छान! असंच बोला.”

“हिरवं बटन बरं हाय. लाल लई बारीक हाय. आमच्या बोटाखाली दोन दोन बटनं दबत्यात.”

सुकेशनी भराभर लिहून घेत होती. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे त्रिंबकला नवं होतं. गडी खुलला. पडद्याचा आवाज बायकी आहे, चष्मा घरी राहिलाय, गुडघा ठणकतोय, सगळं बोलला. मग पडद्यावर ओळ आली: दरवाजा बंद करा.

त्रिंबकचा हात वरच राहिला.

“काय झालं काका? बोला ना.”

“नाय, दुसरंच आलं मनात.”

“येऊ द्या. जे येईल ते बोलायचं, नियमच आहे आपला.”

नियम म्हटल्यावर त्रिंबकचा इलाज नव्हता.

“प्रेसचा दरवाजा उघडा आसंल तर मशीन चालत नाय. सेन्सर हाय तिथं. पर दरवाजा लावण्यात टाइम जातो, माल कमी निघतो. सुपरवायझर म्हणला, सेन्सरला तार बांध, म्हंजी उघड्या दारानं बी मशीन चालंल. म्या बांधली. सहा वर्षं झाली. पाळी सुटली, म्या तार तशीच ठिवून बसमधी बसलो. दुसऱ्या पाळीला बन्सी आला. दरवाजा उघडा म्हंजी मशीन बंद, असं समजून त्यानं हात घातला. तीन बोटं गेली. सकाळी चौकशीवाले यायच्या आधी म्या तार काढून टाकली. त्यांनी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. पिऊन आला आसंल, असं बी कुनी म्हणलं. बन्सीला घरी बसवलं. आता वेरूळच्या रस्त्याला पेरू इकतो. त्यो पीत नाय, बाई. कधीच पीत नव्हता.”

सुकेशनीचं पेन थांबलं होतं. कॅमेरा चालूच होता. त्रिंबकनं कपाळ पुसलं आणि बटण दाबलं.

गंगापूरला घरी पोहोचताच त्यानं बायकोला, द्वारकाबाईला सांगितलं, “मपली नोकरी जाणार.” का, तेही सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

द्वारकाबाई भाकरी थापायची थांबली. “बन्सीभाऊच्या सोनियाची सोयरीक दोनदा मोडली. दारुड्याची पोर म्हणून.”

“म्हाईत हाय.”

“म्हाईत व्हतं, आन् गप बसलात?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “जाऊ द्या नोकरी. आता तरी कळंल लोकायला.”

त्यानंतर पंधरा दिवस त्रिंबक धुतलेला शर्ट घालून कामावर गेला. साहेबानं बोलावलं तर उभं राहायला बरं. कुणी बोलावलं नाही. भीती रोज थोडी कमी होई, आणि बन्सीवरचा डाग पुसला जाईल ही आस मात्र वाढत जाई.

शेवटी विद्यापीठाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. पाचही कामगारांना कंपनीच्या गाडीनं नेलं, पुढच्या रांगेत बसवलं. प्रकल्पाचे प्रमुख विश्वजीत सर निष्कर्ष वाचत होते. चौथ्या क्रमांकाला त्रिंबकनं जिवाचे कान केले.

“वापरकर्ता क्रमांक चार ‘दरवाजा बंद करा’ या सूचनेपाशी तीन मिनिटं अडखळला. कारण, सूचना नीट वाचता आली नाही. उपाय, अक्षरं मोठी करावीत.”

मॅनेजरसाहेबांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. नोकरी वाचली म्हणून त्रिंबकला क्षणभर हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची फार लाज वाटली.

बाहेर चहापाशी सुकेशनी मान खाली घालून आली. “काका, मी शब्द न् शब्द लिहून दिला होता. सर म्हणाले, हे आपल्या विषयात बसत नाही.”

“आन् त्यो व्हिडिओ?”

“कंपनीकडं जमा केला. करारच तसा आहे.”

“अक्षरं दिसत व्हती मला, बाई.”

“माहीत आहे काका.”

पुढच्या सोमवारी प्रेसवर नवा पडदा बसला. अक्षरं चांगली वीतभर होती, पार कँटीनच्या दारातून वाचता यायची. एका पाळीत नऊशे नग निघतात. त्रिंबक नऊशे वेळा ती ओळ वाचतो, दरवाजा बंद करतो आणि बटण दाबतो.