विरजण मागे ठेवलं नाही

“नवऱ्याचं तोंड एक वेळ बंद होईल, पण ह्याचं दार नाही होत!” सफाईच्या मावशी कुरकुरल्या. माझ्या पोटात बादली आणि फडकी कोंबून त्यांनी मला गुडघा मारला.

मित्रांनो, तो मार खाणारा मी, औषध कंपनीतला एक जुना डीप फ्रीझर. आता माझं रबर सैल पडलंय. उमेदीत मात्र माझं दार उघडायलाच दोन माणसं लागत, एवढी थंडी मी धरून ठेवायचो. इवल्या इवल्या नळ्यांमधून जिवाणू माझ्या पोटात गोठून झोपलेले असत. संशोधक बाईंनी अर्धं आयुष्य खपून ते घडवले होते. जागे केले, की ते एका दुर्मिळ आजारावरचं औषध बनवत. बाई त्यांना ‘विरजण’ म्हणत.

तोच आजार मावशींच्या नातीला आहे. पोरीचे हातपाय दिवसेंदिवस दुबळे होत चाललेत.

“बाई, आमच्या चिमणीचं औषध कुठवर आलं?” मावशी विचारत.

“आता चाचण्याच राहिल्यात,” बाई सांगत. तेव्हा ते खरंही होतं.

मग नवे साहेब आले. कपडे इस्त्रीला द्यावेत, तसं त्यांनी संशोधन बाहेरच्या एका कंपनीला दिलं. स्वस्त पडतं म्हणे! माझ्या नळ्या कोरड्या बर्फाच्या पेटीत भरल्या गेल्या.

“साहेब, विरजण थोडं तरी मागे ठेवतात हो,” बाई म्हणाल्या.

“ही कंपनी आहे बाई, स्वयंपाकघर नव्हे. सगळं द्यायचं ठरलंय. आणि ह्या डबड्याचं वीजबिल कोण भरणार?”

साहेबांनी स्वतः वाकून माझा प्लग काढला. एरवी ते पडलेलं पेनही उचलत नाहीत.

बाहेरच्या कंपनीला रुग्ण थोडे वाटले, नफा त्याहून थोडा. त्यांनी काम सोडलं आणि नळ्या जाळून टाकल्या. इथे मात्र ‘संपलं’ असं कुणी म्हणेना. साहेब म्हणतात, पुढे ढकललंय. बाई तर मावशी दिसल्या की जिनाच बदलतात.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. यंत्र जुनं व्हायचंच. पण कुणाचाही प्लग काढण्याआधी त्याच्या पोटात कुणाचं काय ठेवलंय, एवढं तरी बघत जा.

आज दार लागेचना, तेव्हा मावशींनी समोरून येणाऱ्या बाईंना हाक मारली. बाईंना टाळता आलं नाही. दोघींनी मिळून मला रेटलं.

“बाई, चिमणीला आता उंबरासुद्धा ओलांडवत नाही. औषध येईल ना?”

बाईंचा हात माझ्या दारावरच राहिला.

“नाही येणार, मावशी. आम्ही सगळं विरजण देऊन टाकलं.”