चुना कुणी कुणाला लावला?

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात आपापल्या छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी होतं. व्यासपीठावर आभाळमहाराज ते पाणी जांभळ्या तीर्थाच्या वाटीत ओतत, आणि बघता बघता वाटी गुलाबी!

"आभाळ खोटं बोलत नाही!" महाराज गरजले. "पाप तुमच्या घरात, रंग माझ्या वाटीत!" मग चिमूटभर पांढरी भुकटी पडे, वाटी निळी होई आणि लोक त्या भुकटीच्या विकायला ठेवलेल्या पुड्यांवर तुटून पडत.

मी पडलो विज्ञानवादी. वीस वर्षं कारखान्यात आहे. कोळशाचा धूर चुन्याच्या पाण्याने धुऊन मगच धुरांड्यात सोडायचं यंत्र माझ्या ताब्यात. त्यामुळे मी त्या पुडीची आधी परीक्षा घेतली, म्हणजे ती जिभेवर ठेवली. जीभ पोळली. मी बायकोला म्हणालो, "अगं, काय तेज आहे!"

आमची वाटी सगळ्यांत लाल झाली.

"घरात नवं कोण आलंय?" महाराजांनी विचारलं.

"सून," बायको चाचरत म्हणाली. "दोन महिने झाले."

"तिला सहा महिने माहेरी धाडा. नाहीतर वंश बुडेल!"

आणि मी, विज्ञानवादी, नंदीबैलासारखी मान हलवली.

सूनबाई शाळेत विज्ञान शिकवते. घरी आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, तुम्हालाही असंच वाटतं?"

"तसं नाही गं, पण वाटी लाल झाली ना!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत जाऊन कपडे भरू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी पुन्हा पाऊस झाला. सूनबाई एक बाटली घेऊन आमच्याबरोबर मैदानात आली आणि थेट व्यासपीठावर चढली.

"महाराज, एवढं पाणी बघता?"

महाराजांनी ओतलं. वाटी लाल. "घोर पाप! कुणाचं घर हे?"

"तुमचं. तुमच्याच तंबूवरून धरलंय. आता तुमच्याकडून कुणाला माहेरी धाडायचं?"

मैदान हसायला लागलं. महाराज शाप आठवेपर्यंत सूनबाईने तीर्थाच्या हंड्यावरचं फडकं ओढलं. वास आला मात्र, बायको किंचाळली, "अय्या, हा तर उकडलेला कोबी!"

"जांभळा कोबी," सूनबाई म्हणाली. "त्याचं पाणी आंबट पदार्थाने गुलाबी होतं. लिंबू पिळा, तेच होईल. आणि ही पुडी म्हणजे चुना. तो आंबटपणा मारतो."

चुना! वीस वर्षं ज्याची पोती फोडली, तो जिभेवर ठेवूनही मला ओळखता आला नव्हता.

"पण पाऊस आंबट कसा?" कुणीतरी विचारलं.

"कोळशात गंधक असतं. ते जळून वायू होतो, ढगातल्या पाण्यात मिसळून त्याचं आम्ल होतं आणि तेच खाली पडतं. पिकांची पानं करपतात, तळ्यातले मासे मरतात. म्हणून तर धूर चुन्याच्या पाण्याने धुतात." ती माझ्याकडे वळली. "बाबा, आपलं यंत्र चालू आहे ना?"

झाली का पंचाईत! फवाऱ्यांची तोंडं चुन्याने सारखी तुंबतात. लग्नाच्या धावपळीत साफ करायला सवड झाली नाही, म्हणून मी चुन्याच्या पाण्याचा नळच बंद केला होता. पुढे आळसाने तो तसाच राहिला. साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. म्हणजे पापी आमच्याच घरातला, एवढं महाराजांचं खरं होतं. फक्त माणूस चुकला. चुना धुराला लावायचा, तो मी स्वतःला लावून घेतला होता.

सगळ्यांसमोर मी कबूल केलं. लोक खवळले आणि ते बरोबरच होतं. मी सूनबाईपुढे हात जोडले. "चुकलो गं पोरी. माफ कर."

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी नळ उघडा."

तसाच कारखान्यात गेलो, तोंडं घासली, नळ उघडला आणि साहेबांना सगळं लेखी दिलं. मंडळी, तुमच्या छपरावरच्या पाण्याने वाटी लाल झाली, तर सुनेकडे बघू नका. धुरांड्याकडे बघा, आणि ते सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या शहाण्याला जाब विचारा.