काचेवरची वाफ

गाडी बाबांच्या हातात असली की कुणी तोंड उघडायचं नाही आणि कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. चालकाशी बोलू नये ही पाटी त्यांनी बसमधून थेट संसारात आणली होती. सून सहा वर्षं गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करत होती, पण सासऱ्यांपुढे तिच्या विद्येला विचारतो कोण?

आज मागच्या सीटवर नणंद बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. बाहेर धो धो पाऊस, रस्ता उताराचा आणि हॉस्पिटल अजून अकरा किलोमीटर. लेकीला गारठा लागू नये म्हणून बाबांनी एसी बंद ठेवला होता, वर बाहेरची हवा आत येण्याची वाटही बंद केली होती. तिघांचे श्वास, ओले कपडे, सगळी वाफ आतच कोंडलेली. समोरची काच पांढरी होत होती. बाबा एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने फडकं मारत होते. पुसली की क्षणात पुन्हा तेच.

सून बाबांच्या शेजारच्या सीटवर बसली होती. काय करायचं ते तिला तोंडपाठ होतं, पण तोंडालाच कुलूप. वळण आलं. बाबांनी ते अंदाजानेच घेतलं आणि चाक कडेच्या मातीत उतरलं. गाडी कशीबशी वर आली.

"वहिनी, मला भीती वाटतेय," नणंद म्हणाली.

सुनेने एसीच्या बटणाकडे हात पुढे केला. बाबांनी तो झटकला.

"बाबा, नंतर काय बोलायचं ते बोला. आत्ता मला हे करू द्या."

तिने एसी लावला, बटण गरमकडे फिरवलं, बाहेरची हवा आत घेतली आणि सगळा झोत काचेवर सोडला. पोरगी गारठेल, बाबा गुरगुरले.

"हवा गरमच येईल. एसी फक्त हवेतला ओलावा ओढतो."

काच खालून वर निवळत गेली. आधी बॉनेट दिसलं, मग रस्ता, मग रस्त्यातच बंद पडलेला ट्रक. बाबांनी ब्रेकवर पाय रोवला. गाडी घसरत जाऊन ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली.

बाबा दार उघडून पावसात उतरले, वळसा घालून तिच्या खिडकीशी आले.

"तू चालव," ते म्हणाले.

आणि ते मागे जाऊन लेकीशेजारी बसले.