चारशे बारावी ओळ

तिने नको त्या नोंदी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये एक ओळ वाढवली, डेटा पुन्हा ओढून घेतला आणि पडद्यावरचा नोंदींचा आकडा चारशे बारावरून चारशे अकरावर आला, तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली.

कंपनीचा सगळा पसारा आता क्लाउडवर होता. कुठला सर्व्हर कुणाचा, कुठलं स्टोरेज कुणी कशासाठी उघडलं, हे कुणालाच धड सांगता येत नसे. ती सगळी माहिती कंपनीच्या आतल्या पोर्टलवर आणायची आणि प्रत्येक गोष्टीपुढे नाव लावायचं, हे काम तिच्याकडे होतं. आज सकाळी 'कुणी तयार केलं' हा रकाना पहिल्यांदा भरून आला, आणि एका जुन्या, बंद पडलेल्या स्टोरेजपुढे तिचंच नाव उभं राहिलं.

तीन वर्षांपूर्वी याच स्टोरेजमधली ग्राहकांची कागदपत्रं आठवडाभर साऱ्या जगाला उघडी होती. चाचणीसाठी तिने ते उघडलं होतं. बंद करायचं राहून गेलं. बोभाटा झाला तेव्हा ते निघालं काकांच्या जबाबदारीच्या यादीत. वयाने सगळ्यांत मोठे म्हणून त्यांना सगळे काकाच म्हणत. तिला तर त्यांनी हाताला धरून काम शिकवलं होतं. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, "मला आठवत नाही. पण माझ्याकडूनच राहिलं असणार." ती समोरच बसली होती, नोकरीला जेमतेम चार महिने झालेले. तिने पाण्याचा पेला उचलून ओठांना लावला. तो रिकामा होता. महिन्याभरात काकांनी स्वतःहून हेल्पडेस्कला बदली मागून घेतली.

दुपारी तेच काका हातात कागदांची चळत घेऊन तिच्या टेबलाशी आले. पोर्टलची यादी तपासायला त्यांच्याकडे दिली होती.

"पोरी, जरा बघतेस? मूळ यादीत चारशे बारा आहेत आणि तुझ्या पोर्टलवर चारशे अकरा. तीनदा मोजले. माझंच काहीतरी चुकत असेल."

"राहू द्या काका, मी बघते."

"तसं नको. कुठे चुकतोय ते दाखव मला." ते ओशाळं हसले. "हल्ली स्वतःचा भरवसाच वाटत नाही गं. गॅस बंद केला की काकूला हाक मारून दाखवतो. गाडी चालवणं तर केव्हाच सोडलं."

"केव्हापासून?"

"ते प्रकरण झालं ना, तेव्हापासून. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातून घडते आणि डोक्यात तिचा मागमूस नाही, म्हणजे काय? डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. ते काय, धीरच देणार."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काका शेजारची खुर्ची ओढून बसले, खिशातून पेन काढलं, आपली चूक लिहून घ्यायला. तिने फिल्टर उघडला, सकाळची ओळ पुसली. यादी हळूहळू भरत गेली.

"तुम्ही बरोबर मोजलं होतंत," ती म्हणाली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

काका वाकले. स्टोरेजचं नाव त्यांनी पुटपुटत वाचलं, मग पुढच्या रकान्यातलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"ही तूच?"

"हो."

"तेव्हा ठाऊक होतं तुला?"

तिने होकारार्थी मान हलवली.

आता ते काय बोलतील ते ऐकायला ती मान खाली घालून बसली. वर पाहिलं तेव्हा काका फोनवर नंबर शोधत होते.

"अगं, ऐक," ते म्हणाले, "मी विसरलो नव्हतो." पलीकडून काकूंनी काहीतरी विचारलं असावं. "नाही नाही, कुणाचं ते राहू दे. मी विसरलो नव्हतो, एवढंच. मुळात माझं नव्हतंच ते!"

बोलता बोलता ते उठले. कागद तसेच टेबलावर राहिले. त्यांनी एकदा तरी वळून रागाने बघावं, असं तिला वाटत राहिलं. काका भिंतीला हात टेकत, हसत, डोळे पुसत जिन्याकडे निघून गेले.

ती उठली आणि विभागप्रमुखांच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली. आत मीटिंग चालू होती, काचेतून सात-आठ चेहरे दिसत होते. तिने दारावर टकटक केली.