नाडीवाल्या उस्तादांचं शांत इंजिन

स्टँडवर बसवलेलं इंजिन घरघरत होतं आणि त्याच्या झाकणावर एक नाणं कडेवर उभं होतं. गॅरेजात जमलेली चाळीसेक माणसं श्वास रोखून बघत होती. नाणं पडलं नाही. शेजारच्या ट्रेमध्ये दोन लोखंडी दांडे लखलखीत पुसून ठेवले होते, हार घालायचाच काय तो बाकी.

"हेच ते दोन ऐतखाऊ," उस्ताद म्हणाले. इंजिनाला दोन बोटं लावून दुखणं ओळखतात, म्हणून सगळे त्यांना नाडीवाले म्हणत. "बॅलन्स शाफ्ट म्हणे. कंपनीनं आत सोडलेल्या जळवा या, इंजिनाची ताकद पितात. मी उपटून काढल्या, आणि बघा, बाळ कसं निवांत झोपलंय."

गर्दीत तंत्रशाळेत शिकवणारी एक बाई होती. धाकट्या भावाबरोबर आली होती. तो रविवारी चढणीच्या शर्यतीत गाडी पळवायचा आणि सोमवारी त्याच गाडीतून बायकोला कामावर सोडायचा. शर्यतीत त्याला फक्त दोन सेकंद कमी करायचे होते.

परतताना तिनं त्याला समजावलं. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, पण वरच्या अर्ध्यात आणि खालच्या अर्ध्यात त्यांचा वेग सारखा नसतो. म्हणून प्रत्येक फेरीत दोनदा एक हादरा उरतो. हे दोन शाफ्ट दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट फिरून तो गिळतात. ते काढले की थोडी ताकद वाचते हे खरं. निव्वळ शर्यतीचं इंजिन बांधणारे कधीकधी काढतातही. पण ते प्रत्येक नळी, प्रत्येक पट्टी नव्यानं भक्कम करतात आणि शर्यत झाली की सगळं उघडून तपासतात. रोजच्या गाडीचं हे काम नव्हे.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. "ताई, मग नाणं कसं उभं राहिलं?"

तिला सांगता येईना. माहीत नाही, असं ती प्रामाणिकपणे म्हणाली, आणि तिथंच हरली. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं त्याचं लोक ऐकतात, मग ते उत्तर कसलं का असेना.

धाकट्यानं गाडी उस्तादांकडे दिलीच, आणि ती परत आली ती थरथरतच. वेग वाढला की आरशातला रस्ता पुसट व्हायचा आणि धाकट्याच्या हातांना मुंग्या यायच्या. इंजिन मोकळं झालंय, आता बोलू लागलंय, असं उस्तादांनी सांगितलं आणि त्यानं ते मानलं. ती रोज सांगत राहिली, मग सांगायची थांबली. तिसऱ्या रविवारी ती वळणावर उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत गाडीची मागची चाकं जागच्या जागी जखडली आणि गाडी भिंतीवर गेली. हादऱ्यांनी तेलाची नळी तडकली होती. तेल सांडलं आणि इंजिन जाम झालं. धाकट्याचा जीव वाचला. मनगटाची दोन हाडं मोडली.

त्या आठवड्यात तिनं उस्तादांच्या इंजिनाचं माहितीपुस्तक मिळवून पालथं घातलं आणि प्लास्टरातल्या धाकट्याला घेऊन पुन्हा गॅरेज गाठलं. तीच गर्दी, तेच नाणं, आणि शाफ्ट काढून घ्यायला आलेल्यांची रांग. खेळ संपून इंजिन बंद झाल्यावर, मीही जरा नाडी बघू का, असं तिनं विचारलं. उस्ताद हसून म्हणाले, खुशाल बघा बाई.

इंजिनाच्या कुशीला एक छोटं बूच असतं. शाफ्ट बसवताना ते नीट जुळले का हे पाहायला ठेवलेलं. तिनं ते काढलं, भोकात पेचकस अलगद सारला आणि पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवलं. पेचकस बाहेर सरकला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. एका फेरीत बरोबर दोनदा.

"जागा रिकामी असती तर हा हलला नसता," ती म्हणाली. "आत शाफ्ट फिरतोय. ट्रेमधले दांडे दुसऱ्याच गाडीचे. नाणं उभं राहतं, कारण यांनी स्वतःच्या इंजिनातून काहीच काढलेलं नाही."

मग उस्ताद म्हणाले, ज्याच्या मनात शंका, त्याच्या इंजिनात कंप. पाचसहा जण हसले. चार जण गाडीच्या किल्ल्या घेऊन निघून गेले. बाकीची रांग होती तिथंच राहिली.

"माझे शाफ्ट कुठे आहेत?" धाकट्यानं विचारलं.

"ते केव्हाच भंगारात गेले."

तिनं रांगेकडे पाहिलं. एकेकाला हाताला धरून बाहेर काढावंसं तिला वाटलं, पण माणसाला असं बाहेर काढता येत नाही, हे तिला घरातच कळलं होतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती शेवटी म्हणाली. "यांच्यावरही ठेवू नका. पेचकस इथे आहे, भोक उघडं आहे. गाडी देण्याआधी एकदा स्वतःच्या हातानं फिरवून बघा."

पेचकस तिनं भोकातच राहू दिला आणि ती बाजूला झाली. रांगेतलं कोणी पुढे येतंय का, याची वाट बघत दोघं बराच वेळ तिथं उभी राहिली.