जोहरी वजन

सुमतीला उर्दू येत नव्हती असं कुणी म्हणू नये. चौथीपर्यंत मराठीत शिकून ती भालकीच्या मुलींच्या शाळेत गेली, जिथं निजाम सरकारच्या कायद्याने सगळंच उर्दूत, आणि वर्षभरात अशी बोलायला लागली की बाजारातला अत्तरवाला तिला 'बीबी' म्हणाला. ही गोष्ट तिने घरी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली. त्यामुळे शाळेत हैदराबादहून मूलद्रव्यांचा तक्ता आला आणि त्यावरच्या प्रत्येक चौकोनात नावाखाली 'जौहरी वजन' म्हणून एक आकडा दिसला, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला विचारायची तिला गरज वाटली नाही.

जौहरी म्हणजे जोहरी. सोनं-मोती पारखणारा. त्याच्या तराजूतलं वजन ते जौहरी वजन. माल जितका किमती तितका आकडा मोठा. तिने लगेच पडताळून पाहिलं. तांब्याचा त्रेसष्ट, त्याच्या खाली चांदीचा एकशे आठ, चांदीच्या खाली सोन्याचा एकशे सत्त्याण्णव. एकाखाली एक, दुकानात मांडावं तसं. शिकवणाऱ्या नलिनीबाई उस्तानींनी तक्ता समजावायला घेतला तेव्हा सुमती मन्नाएखेळ्ळीला मावशीच्या लग्नात जिलेबी खात होती. परत आल्यावर बाईंनी विचारलं, तुझं राहिलेलं सांगू का? ती म्हणाली, नको बाई, मला कळलंय.

आता वेळ अशी की गुलबर्ग्याच्या मुलींच्या हायस्कुलात साइन्सच्या वर्गात भालकीसाठी एकच जागा होती, राहण्याजेवण्यासकट. तालीम म्हणजे शिक्षण खात्याच्या सकीना बेगम शाळा तपासायला येणार आणि एका मुलीचं नाव लिहून नेणार. सुमतीचे वडील अच्युतराव तहसिलीत पेशकार. त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं की बेगमसाहिबांनी नाव लिहिलं तर पाठवीन, नसता बिदरला आत्याकडे शिवण शिकायला जायचं. आत्याचं शिवणयंत्र सुमतीला ठाऊक होतं. त्याच्या शेजारी आत्या बसलेली असायची, आणि ती दिवसभर बोलायची.

सकीना बेगम आल्या, जाड चष्म्याच्या, पान खाणाऱ्या. त्यांनी तक्त्याकडे छडी केली आणि विचारलं, ही मांडणी कशावरून केली आहे, कोण सांगेल? सुमती हात वर न करताच उभी राहिली. जोहरी, तराजू, तांबं, चांदी, सोनं, सगळं तिने अस्खलित उर्दूत सांगितलं. नलिनीबाईंनी मध्येच डोळे मिटून घेतले. ते कौतुकाने मिटले असं सुमतीला वाटलं.

बेगमसाहिबांनी शांतपणे ऐकलं. मग छडी सोन्यावरून तशीच पुढे सरकवली आणि एका चौकोनावर ठेवली. शिसं. आकडा दोनशे सात.

"तो बेटी, सीसा सोने से महंगा हुआ? कल से हम सीसे के कंगन पहनें?"

वर्गात हशा फुटला. सुमतीच्या कानापर्यंत ऊन चढलं. जौहर म्हणजे अणू, वस्तूचा सगळ्यांत बारीक कण, त्याचं ते वजन, असं नलिनीबाईंनी हळूच सांगितलं, पण ते आता सांगून काय उपयोग. बेगमसाहिबा म्हणाल्या, उर्दू छान आहे. ही त्यांची शिक्षा होती. जेवून दुपारच्या गाडीने मी जाणार, म्हणाल्या, तोवर कुणाला सुचलं तर या.

व्हरांड्यात सुमती भिंतीला टेकून बसली. शेजारी निलम्मा भाकरी सोडत होती. निलम्माचे वडील जगदेवप्पा कापडाचे व्यापारी, गावोगावचे बाजार करणारे. निलम्माला गुलबर्ग्याचं काही नव्हतं; तिथं तिचा चुलता राहतो आणि तो दिवसभर पाय दाबायला लावतो.

"काय जोहरीणबाई, भाकर खातीस का शिसं खातीस?" ती म्हणाली.

"गप की गं अक्का. वजनानंच मांडायचं व्हतं तर सरळ एक रांग करायची. हे खाली-वर कामून केलंय?"

"मला काय माहीत. पण तू तो जोहरीच धरून बसलीस. वर एवढ्या मोठ्या अक्षरात दौरी जदवल लिहिलंय, ते न्हाई वाचलीस? जदवल म्हंजे तक्ता, अन् दौरी म्हंजे?"

"दौरा. तालुकदारसाहेब जातेत तसा."

"आमचे अप्पा जातेत तसा बी," निलम्मा म्हणाली. "सोमवारी भालकी, मंगळवारी मुडबी, बुधवारी आणखी कुठं. फिरून सोमवारी भालकी. तारीख पुढं पुढं जाती अन् गाव तेच येतंय."

सुमतीने तिच्याकडे पाहिलं. मग उठली आणि रिकाम्या वर्गात गेली. निलम्मा भाकरी घेऊन मागोमाग.

पहिले दोघे सोडून तिने लिथियमवर बोट ठेवलं. नलिनीबाईंनी धड्यात वाचून घेतलं होतं की हा मऊ धातू, पाण्यात टाकला की चवताळतो. तिथून पुढे एकेक चौकोन मोजला. आठव्यावर सोडियम. तोही मऊ, तोही पाण्यात चवताळणारा, आणि बरोबर लिथियमच्या खाली. तिथून परत आठवा पोटॅशियम. वजन तारखेसारखं वाढत चाललंय आणि गाव तेच येतंय. एका रांगेत एक दौरा, एका उभ्या ओळीत एकाच गावचे बाजार. तांबं, चांदी, सोनं एकाखाली एक, ते महाग होतात म्हणून नाही. ते एका गावचे आहेत म्हणून.

बेगमसाहिबा हात धूत होत्या तेव्हा सुमती समोर जाऊन उभी राहिली. या खेपेला सुंदर उर्दू जुळवायला वेळ नव्हता. अर्धी उर्दू, अर्धी मराठी, मध्येच निलम्माचे अप्पा. दौऱ्याचं हिला सुचलं, हेही तिने सांगून टाकलं. निलम्माने भाकरी पाठीमागे लपवली.

बेगमसाहिबा तिला घेऊन तक्त्यापाशी आल्या. मँगनीजच्या खालच्या एका कोऱ्या चौकोनावर त्यांनी छडी टेकवली. इथं कोण?

"कुणी आलेलं न्हाई अजून," सुमती म्हणाली. "पण बाजार मँगनीजच्या गावचा हाय. येईल तो त्याच्यासारखाच असंल."

बेगमसाहिबांनी छडी खाली घेतली. आता गप्प बसावं हे सुमतीला कळत होतं, पण तिच्याच्याने राहवलं नाही. खाली गेल्यावर दौरा लांबतो, ती म्हणाली, आठ नव्हे, चांगला अठराचा होतो. मी मोजलं. तो कामून लांबतो ते मला येत नाही.

"वो गुलबर्गे में पढ़ाते," बेगमसाहिबा म्हणाल्या, आणि नलिनीबाईंना मुलीचं पूर्ण नाव विचारलं.

संध्याकाळी अच्युतरावांनी लोखंडी पेटी माळ्यावरून काढली. निलम्मा तिथंच होती. तिने पेटीवर टिचकी मारली आणि विचारलं, जोहरीणबाई, हिचं वजन किती?